अंगण वाकडं

लेटन हॅगर्ट दुधाचा टँकर चालवतो,
पहाटे तीनला निघतो, दुपारी एकला मोकळा.
मंगळवारी माझ्या शेडमध्ये आला
(पूर्वी इथे मेंढ्या कातरायचे,
फळ्यांना अजून लोकरीचा तेलकट वास येतो)
आणि टेबलावर पिशवी ठेवली,
आजारी कोकरू ठेवावं तशी, हळू.

"सरळ जात नाहीत," म्हणाला.

मी एक काठी उपसली.
पातं सुरीसारखं, मागे मांस म्हणून नाही,
चेंडू लागायची जागा नाण्याएवढी.
जिंकणाऱ्यांच्या हातातली जात.
बोनसचे सगळे पैसे गेले असणार.
विचारलं नाही.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं,
असं सगळेच म्हणतात.
मीही म्हणते, गिऱ्हाईक गेल्यावर.

पायांना लावायची पावडर घेतली,
औषधाच्या दुकानातली, फवाऱ्याची,
पातं पांढरं केलं. "मार."
त्याने दहा चेंडू मारले कुरणाकडे,
दर चेंडूनंतर ठिपक्याची जागा मी कागदावर उतरवली.
तीन टाचेशी, चार पार टोकाला,
एक इतका खाली की धारेवरच,
आणि दोन मधोमध.
"हे बघ!" तो म्हणाला, त्या दोघांवर बोट ठेवून.
मी आठांकडे बघत होते.
दुकानदारात आणि गिऱ्हाइकात
एवढाच काय तो फरक.

काठी त्या आठांसाठी घ्यायची असते, लेटन.
ते दोन तर केरसुणीनेही गेले असते.

मग त्याला ताठ उभं केलं, हात सैल सोडायला लावले,
मनगटापासून जमिनीपर्यंत टेप धरला, शिंप्यासारखा.
दोनदा मोजलं.
काठ्या त्याला दीड इंच आखूड होत्या.
वर्षभर हा माणूस वाकून मारत होता
आणि कंबर दुखते म्हणून टँकरच्या सीटला शिव्या देत होता.
म्हणजे अंगण होतं की वाकडं.
थोडंसं. दीड इंच.

मी त्याला सात काढून दिल्या.
तळ रुंद, पाठ जाडजूड, वजन कडेकडेला,
चुकलेल्या फटक्यालाही पदरात घेणाऱ्या.
लांबच्या दोन लोखंडी काढून टाकल्या,
त्यांच्या जागी बटाट्याएवढ्या डोक्याच्या हायब्रिड.
शाफ्ट हलकी. पटर तुझाच राहू दे, त्याचा काही गुन्हा नाही.
"सातच?" नियमात चौदा आहेत.
चौदापर्यंत चालतात, म्हटलं. चौदा लागतात असं कुठे लिहिलंय?

"म्हाताऱ्यांच्या काठ्या आहेत ह्या."
"हो. म्हातारे लवकर घरी पोचतात."

जुना संच माझ्याकडेच ठेवला, विकायला.
कोपऱ्यात असे अकरा आहेत, हा बारावा.
कुणी विकत घेत नाही, कुणी परत मागत नाही.
जूनमध्ये, दिवस साडेचारलाच संपतो तेव्हा,
मी त्यांना तेलाचा बोळा फिरवते.

शनिवारी दिसला. फाटकाशी डब्यात दहा डॉलर टाकले,
ग्रीनभोवतीची तार ओलांडली, मेंढ्या हुसकल्या.
संध्याकाळी कार्ड आणून टेबलावर ठेवलं, बोलला नाही.
एकशे सात.
मागच्या महिन्यात एकशे एकवीस होते.
बराच वेळ बुटाच्या टाचेतलं गवत काढत बसला.
मग म्हणाला, "वर जातो गं चेंडू."
जसं काही हे मला माहीत नव्हतं.

दाराशी थांबला.
"त्या जुन्यांतली एक… सात नंबर… घरी नेऊ?
नुसती भिंतीला टेकवून ठेवायला."

दिली. पैसे घेतले नाहीत.

माझ्याकडेही एक आहे, दोन नंबरची,
तीस वर्षांत मला एकदाही नीट न लागलेली.
दुकान बंद केल्यावर एखाद्या संध्याकाळी
एकच चेंडू घेते
आणि शेजारच्या सलगमच्या शेतात मारते.
कुठे पडला ते बघायला जात नाही.
हाताला झिणझिण्या येतात,
त्या शेडला कुलूप लावेपर्यंत टिकतात.