खुलासा

मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, यावल.
आपली नोटीस मिळाली. तीन दिवसांत खुलासा मागितलात.
आज तिसरा दिवस, आणि संध्याकाळपासून वीज नाही.
अक्षर वाकडं आलं तर तेवढं सोडून द्या.

प्रश्न पहिला : भाषण विद्यार्थिनीने स्वतः लिहिले काय?
होय. जरीना तडवी, इयत्ता सातवी.
पहिलं वाक्य : माझा देश मला फार आवडतो.
दुसरं : माझ्या देशात आमच्या शाळेच्या संडासाला आतून कडी नाही.
तिसरं : म्हणून आम्ही मुली सकाळपासून पाणी पित नाही.
मी 'पित'ची वेलांटी दीर्घ केली.
चूक तेवढीच होती.

पाहुण्यांनी माइक काढून घेतला
तेव्हा चौथं वाक्य तिच्या तोंडात होतं.
मग लाडू वाटले.
तिने घेतला, खाल्ला,
आणि पाणी न पिता घरी गेली.

प्रश्न दुसरा : राष्ट्रीय सणाच्या दिवशी देशाची बदनामी.
इथे मला जरा बाजूला जावं लागेल, साहेब.
माझे वडील भुसावळला रेल्वेत होते.
गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घ्यायचा,
चाकाचाकाला ठोकत जायचं
आणि ऐकायचं. एवढंच काम.
मे महिन्यात, रात्री दोनला,
रूळसुद्धा झोपेत धग सोडत असतात,
तेव्हा डब्यातल्या कुणाची तरी झोप मोडायची.
खिडकीतून आवाज यायचा : गाडी फोडतो का रे?
वडील पुढच्या चाकाकडे जायचे.

एकदा एक चाक बद्द बोललं.
डबा काढावा लागला, गाडी दोन तास खोळंबली,
सगळ्या फलाटाने त्यांना नावं ठेवली.
जे घडलंच नाही, त्याचे आभार कोण मानणार?
घरी येऊन कळण्याची भाकरी कुस्करत बसले.
आईने विचारलं, लोक इतकं बोलतात, कशाला ठोकता?
म्हणाले, "गाडी आपली शे, म्हनीसन ठोकस."
आणि मिरचीचा ठेचा मागितला.

दसऱ्याला इंजिनाला झेंडूचा हार घालायचे
तेही त्याच हातांनी.
हार आणि हातोडा यांचं भांडण
त्यांना कधी दिसलं नाही.
मलाही दिसत नाही.
माझी समजूत चुकीची असल्यास
तसा नियम, क्रमांकासह, कळवावा.

प्रश्न तिसरा : आपण भाषण आधी तपासले होते काय?
तपासलं होतं.
आता खरं सांगते, कारण हा खुलासा आहे.
त्यात अजून एक वाक्य होतं.
ते मी खोडलं.
पाहुणे येणार होते, मंडप येणार होता,
माझ्या नोकरीला चार वर्षं उरली होती.
जरीनाने विचारलं, बाई, हे खोटं आहे का?
मी म्हणाले, नाही, लांबलं आहे.
ते वाक्य इथेही लिहायचा धीर होत नाही.
शिक्षा द्यायचीच असेल
तर त्या एका रेघेबद्दल द्या.
मुलीच्या दाखल्यावर काही लिहू नका.

सोबत पावती जोडली आहे, पस्तीस रुपयांची.
सतरा तारखेला शिपाई सुकलाल बारेला यांनी
बाजारातून कडी आणून बसवली.
आदेश कुणाचाच नव्हता,
त्याबद्दल त्यांना नोटीस काढू नये ही विनंती.

माझी बदली सातपुड्यात वर कुठेतरी होणार असं ऐकते.
तिथल्याही शाळेला दार असेल.
झेंडावंदन झालं की आधी तेच पाहीन.

आपली विश्वासू,
कुमुद एकनाथ सपकाळे, उपशिक्षिका.

ता. क. कडी तिरपी बसली आहे,
दार जरा उचलून लावावं लागतं.
हे जरीनाने सांगितलं.
वर्गात, सगळ्यांसमोर, पाण्याची बाटली हातात धरून.