रिकाम्या गाडीचं वजन

शहात्तर पूर्णांक आठ.
नऊ सोमवार झाले.
पहाटे पाचला, चूळ भरायच्या आधी,
बांगड्यासुद्धा काढून उभी राहते मी काट्यावर,
श्वास धरून, जणू श्वासाचंही वजन लागतं,
आणि काच म्हणते तेच,
जे गेल्या सोमवारी म्हणाली.

आधी भराभर उतरलं. अकरा किलो,
दिवाळी ते होळी.
बिर्जे वैनी गल्लीत अडवून विचारायच्या,
'काय करुलालीस गं? आम्हालाबी सांग की.'
आणि मी सांगायची, मोठ्या शहाणपणानं :
व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली चार फेऱ्या,
अर्धी भाकरी, दुप्पट पालेभाजी,
सातनंतर फक्त पाणी.
आता वैनी दिसल्या की मी
कपिलेश्वराच्या अंगानं वळसा घालते.
वळशाचीही पावलं मोजते.

नणंदेच्या पोराच्या लग्नात मांडे होते.
कोपरा मोडला, नखाएवढा,
बाकीचा रुमालासारखा घडी घालून
परशरामच्या ताटात ठेवला.
त्यानं खाल्ला, न बघता.
त्याचं या महिन्यात दोन किलो उतरलं,
काहीच न करता.
मी अभिनंदन केलं नाही.

डाएटच्या मॅडम हुबळीच्या.
म्हणाल्या, हे पठार असतं, येतंच,
शरीर जरा टेकतं. 'स्वल्प तडीरी.'
पठार!
सगळा जन्म पठारावर गेला माझा.
चोर्ला घाट उतरले ती दोनदा,
आणि दोन्ही वेळा उलटी झाली.

दिवसभर मी उद्यमबागेत वजनंच करते.
वे-ब्रिजची केबिन, एक पंखा, एक खिडकी.
भरली गाडी येते : ग्रॉस.
रिकामी होऊन परतते : टेअर.
वजा करून चिठ्ठी फाडून देते, इतका माल.
चौदा वर्षं. किलोचा फरक नाही.

शुक्रवारी दुपारी रांग नव्हती.
चपला काढून गेले मी त्या लोखंडी फळीवर,
साठ टनांच्या काट्याच्या मधोमध,
तळवे भाजत होते.
आत शांतव्वाला बसवलं आकडा बघायला.
ती खिडकीतून ओरडली, 'एंबत्त!'

ऐंशी.
हा काटा दहाच्या खालचं काही ओळखतच नाही.
दिवाळीत उभी राहिले असते तर नव्वद म्हणाला असता.
ते माझे सगळे पाच-पाचचे गजर,
तो मांड्याचा कोपरा,
त्याच्या लेखी एक घर.
हसू आलं मला. मग आलं नाही.

तरी चिठ्ठी छापली.
गाडी नंबर : कोरा. माल : कोरा.
ग्रॉस : ऐंशी.
टेअरच्या रकान्यावर बोट थांबलं.
मी रिकामी कधी आले होते?

आई सांगायची, खानापूरच्या दवाखान्यात
पारड्यात ठेवली तेव्हा पावणेदोन किलो.
नर्स म्हणाली होती, हिचं काही खरं नाही.
मग आईनं भरवलं.
लोणी, गूळ, दुधावरची साय,
लग्न होऊन गेले तरी, माहेरी आले की
नको म्हणेपर्यंत, आणि नको म्हटल्यावरही.
तिला काटा फक्त पुढं जाताना बघायचा होता.
ते मी कशातून वजा करू?

रकाना तसाच सोडला.
चिठ्ठी डब्यात, ठेच्याच्या डबीखाली.
सोमवारी चढणार आहेच मी.
बांगड्या राहू देत हातात.

तेवढ्यात इराण्णाचा हॉर्न.
बीड भरलेली गाडी, धूळ, आणि खिडकीत त्याचं डोकं :
'ऊटा आतेन्री, अक्का?'
'आत,' म्हटलं. 'अर्धं.'
त्यानं गाडी फळीवर घेतली.
आकडे थरथरत राहिले बराच वेळ.
मी थांबले.