यांनाही मते मिळाली

सोमवारी दुपारी बाराच्या सुमारास यादी येते.
दळवी मॅडम ती जिमखान्याच्या दारावर लावतात,
चारही कोपऱ्यांना टाचण्या, जणू वाऱ्याने
एखादी टीम उडून पडेल थेट कोपरखैरण्याच्या नाल्यात.

पंचवीस नावं. त्यांत आम्ही नाही.
पंचविसाव्याच्या खाली रेघ,
रेघेखाली मुंगीएवढ्या अक्षरांत :
यांनाही मते मिळाली.
आणि तिथे, दोन स्वल्पविरामांच्या मधे अंग चोरून
आमचं कॉलेज. कंसात दोन.

मत देणारी माणसं म्हणे देशभरात एकोणतीस.
त्यांतल्या दोघांना रविवारी रात्री
आमची आठवण आली.

कोण असतील?
सुमैय्या म्हणते, एक तो कोल्हापूरचा, जाड भिंगांचा,
ज्याच्या चहात तिचा बॉल पडला होता.
भाविका म्हणते, चहा सांडलेला माणूस मत देत नसतो.
लिंटाला वाटतं, बाईच असणार,
कधीकाळी खेळलेली, गुडघा गेलेली,
अशांनाच बचाव दिसतो, बाकीचे नुसता बॉल बघतात.
हे बोलताना ती माझ्याकडे बघत नाही.

माझा डावा गुडघा ऑगस्टात गेला.
तेव्हापासून मी टेबलाशी बसून गुणपत्रक लिहिते.
बास्केट झाली की तिरकी रेघ,
फ्री थ्रोला टिंब,
लांबून तीनची मारली तर नंबराभोवती गोल.
भाविकाच्या नऊभोवती इतके गोल मारलेत
की कागद मागून उठावदार लागतो बोटाला.
हा कागद यादीवाल्यांकडे जात नाही.
मॅडमच्या कपाटात जातो, फिनाईलच्या बाटलीशेजारी.

पप्पा वाशीला, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी.
त्यांना विचारलं, न बघता कसं ठरवतात हो कुणी,
कोण कितवं?
म्हणाले, पहाटे चारला गोण पाठीवर घेतो
तेव्हा तिचा भाव निघालेला नसतो.
पन्नास किलो मात्र असतातच.
आणि कूस बदलून झोपले.
काही मोठं बोलले
की नुसते दमले होते, कळलं नाही.

त्या आठवड्यात आम्ही खेळलोच नाही.
हॉल परीक्षेला दिलेला.
रिंगखाली बाकं, फ्री थ्रोच्या रेषेवर
बीकॉमचा एक मुलगा ताळेबंद जुळवत बसलेला.
मुली मागच्या पार्किंगमध्ये, रिंगेशिवाय,
चेस्ट पास, बाउन्स पास, पुन्हा चेस्ट पास,
वॉचमनच्या स्कूटरचा आरसा सांभाळत.
मी पिशव्या सांभाळत.

पुढच्या सोमवारी कंसात एक.

हरलो नव्हतो. कुणाला दिसलोही नव्हतो.
तरी कुठल्याशा शहरात एका माणसाने
पेनाचं टोपण काढलं,
आमच्या जागी दुसरं कुणी लिहिलं
आणि बहुतेक वरण गरम करायला उठला.
त्याचा राग नाही आला मला.
डोक्यातून जात नाही तो दुसरा,
ज्याने राहू दिलं.
का राहू दिलं? आळसाने? मागची यादी तशीच उतरवली?
की खरंच त्याच्या डोळ्यांसमोर आहे
चौथा क्वार्टर, नाकात कापूस कोंबलेली भाविका,
तोंडाने श्वास घेत परत बचावाला पळणारी?

भाविका घणसोली गावातली. ती खांदे उडवते :
एक त एक. जत्रेला बोलवू त्याला.

गुरुवारी बाकं हलली.
फरशीवर खडूचे रोल नंबर तसेच राहिले,
सुमैय्या त्यांवरून ड्रिबल करत गेली,
एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा पुसत.
ऐरोलीच्या टीमशी साधी मैत्रीची मॅच,
जी कुठल्याच यादीत धरत नाहीत.
मी कार्बन लावून नवं पान घेतलं, नावं लिहिली.
अकरा झाली तशी पेन खाली ठेवलं.

तुझंही लिही, मॅडम म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, शिट्टीची दोरी सोडवत.

बाराव्या ओळीत लिहिलं.
नंबर चौदा.
पुढची घरं रिकामी ठेवली,
रेघ मारली नाही.