कोरी ओळ

मांडवी म्हणजे जकातीची जागा.
मिऱ्यांवर जकात, होर्मुझच्या घोड्यांवर जकात,
काथ्यावर, शिंपल्यांच्या चुन्यावरसुद्धा.
तो मात्र तसाच उतरला
कुणा खलाशाच्या जांघेतून,
कुणी तोलला नाही.

पलीकडे दिवाडीत दुगू वैद्याने पोथी सोडली.
ज्वर होते. मोडशी तर घरचीच.
देवी होत्या, त्यांना निदान
कडुलिंबाचा डहाळा दाखवता यायचा.
पण हे तळहातांवरचे तांबूस डाग,
रात्री आतून पोखरणारे हे हाड,
यांना पोथीत घर नव्हते.
एक ओळ कोरी ठेवून
त्याने पोथी पुन्हा बांधली.

पुनी गावडी मिठागरात मीठ ओढायची.
पावसाळ्यात मिठागर बुडते,
तेव्हा कप्तानाच्या घरी धुणी.
एवढेच ठाऊक आहे.
त्या घरात काय झाले ते विचारणारे कुणी नव्हते,
आणि विचारलेच असते
तर कुठल्या भाषेत सांगायचे?

औषधही आले, त्याच जहाजांतून:
चोपचिनी, चीनचे मूळ.
तिच्यावर मात्र जकात.
पुनीच्या वाट्याला रसकापूर.
हिरड्या सुजल्या, दात हलले, लाळ थांबेना.
जन्मभर मीठ ओढलेलीला
मिठाची गुळणी सोसेना.

गावड्यांच्या वाड्यावर म्हणू लागले, पुनीचे आले.
पुनीचे दुखणे. पुनीचा झरा.
पुनी बसली तो दगड.
आधी पाणी वेगळे झाले, मग वाट,
मग ती.

पुष्कळ दिवसांनी वैद्याने धक्क्यावरच्या दुभाष्याला विचारले,
काय म्हणतात रे हे लोक याला?
दुभाषा हसला. हे म्हणतात, फ्रेंचांचा रोग.
फ्रेंच म्हणे नापोलीचा म्हणतात.
नापोलीवाले आणखी कुणाचा तरी.
ज्याच्या त्याच्या शेजाऱ्याचा, वैद्यबुवा!
वैद्य हसला नाही.
होडी सुटेपर्यंत पाण्याकडे बघत राहिला.

पोथी आता माझ्याकडे आहे.
त्या ओळीत आधी काहीतरी लिहून खरवडलेले,
वर दाट शाईत: फिरंग.
उजेडासमोर धरले की
खालची दोन अक्षरे अजून दिसतात.

खोडून त्याने तिला सोडवले
की पुसले,
मला ठरवता येत नाही.
कागद तिथे फार पातळ झाला आहे.
पान उलटताना मी तेवढ्या जागी
बोट लावत नाही.