भरती किती वाजता

डॉक्टर मिलाराय बोटीत चढली की आधी बूट काढायची,
ओले मोजे माझ्या इंजिनावर वाळत घालायची
आणि आपियाओ बेट येईपर्यंत घोरायची.
हो, घोरायची. चर्चमधल्या भाषणांत हे कुणी बोललं नाही.

कोटाच्या एका खिशात स्टेथोस्कोप,
दुसऱ्यात आयेलेनचा एकच हातमोजा;
जोडीचा कुठल्या बेटावर पडला, कधी कळलं नाही.
गारठलेला स्टेथोस्कोप ती आधी त्या लोकरीत धरायची,
मग म्हाताऱ्यांच्या छातीला लावायची.
फी म्हणून मिळालेले निळे बटाटे
निम्मे माझ्या पायाशी ओतायची.

ऑगस्टात एका सकाळी तिनं लिफाफा फोडला.
स्वतःचाच रिपोर्ट. वाचला, चार घड्या घातल्या,
विचारलं, "परतीची भरती किती वाजता?"
मी म्हटलं, चार.
"मग तीन घरं होतील."
झाली पाच.

अडतिसावं लागायचं होतं.

आता आयेलेन शाळेला माझ्याच बोटीनं जाते.
सात वर्षांची. नको म्हटलं तरी बूट काढते,
मोजे इंजिनावर घालते. आईचं पाहिलेलं असणार,
की रक्तातच असतं असलं काही, मला काय ठाऊक.

काल विचारत होती, आतून हृदय कसं वाजतं.
मी इंजिन बंद केलं.
धुक्यात बोट नुसती डुलत राहिली,
पाणी फळ्यांवर थपथप, थांबून थपथप.
तिनं फळीला कान लावला
आणि बराच वेळ काढला नाही.

शाळेची घंटा आम्हाला लांबूनच ऐकू आली.