शरबती, नऊ किलो

पाठपिशवीत दगड भर, भाचा सारंग म्हणाला होता.
पण दगड आणायचे कुठून, आणि नंतर टाकायचे कुठे?
मी पिंपातला शरबती भरला. नऊ किलो.
जुन्या उशीच्या अभ्र्यात, वर सुतळीची गाठ.

एप्रिलभर, जीवाजीगंजात नळाला पाणी यायच्या आत
उरवाई दरवाजाने किल्ल्याची चढण.
कड्यात कोरलेले उघडे तीर्थंकर रोज पाहत.
मी श्वास मोजत असे,
ते काहीच मोजत नसत.
वर पोचले की सगळं ग्वाल्हेर खाली, धुरकट, सपाट,
आणि उंची म्हणाल तर तीनशे फूट.
जायचं होतं तिथे तेरा हजारांवर चार दिवस,
एका खोपटापासून दुसऱ्या खोपटापर्यंत
डोंगराच्या कण्यावरून.

"गेहूँ को घुमाने ले जाती हो क्या, काकी?"
शटर उचलता उचलता रमजानी गिरणीवाला विचारायचा.
मी हसायचे. गुडघा हसत नसे.

तिसऱ्या दिवशी धार इतकी निमुळती झाली
की डावं पाऊल एका खोऱ्याचं, उजवं दुसऱ्याचं.
दोरी होती, गंजक्या खुंट्यांना बांधलेली.
पुढचा पोरगा म्हणाला, खाली बघू नका,
म्हणून मी बघितलं.
मग खाली बसून, चक्क बुडावर,
रक्तपेढीत तीस वर्षं दुसऱ्यांना "घाबरू नका" म्हणणारी मी
सरकत सरकत पार केली ती चाळीस पावलं.
घरी कुणाला बोलले नाही. इथे सांगते.

संध्याकाळी तिसरं खोपट. पत्र्याखाली अकरा जण,
ओल्या मोज्यांचा वास, एकच चूल.
विजेरी चाचपताना पिशवीच्या तळाशी
बोटांना खरखरीत काही लागलं. गहू.
अभ्र्याची शिवण उसवली असणार,
उरवाईच्याच उतारावर कधीतरी.
ओंजळ नाही भरली. मूठ भरली.

सकाळी दाराबाहेर काळे पक्षी, चोच पिवळी,
कावळ्यासारखे पण कावळे नव्हेत,
वाऱ्यावर तिरके टेकलेले.
एक बुटाजवळ आला. दाणा उचलला,
टाकला,
मग पुन्हा उचलला.

परतल्यावर दळण घेऊन गेले.
रमजानीने काटा पाहिला, मग मला:
"छटाकभर कम है, काकी।"
हो, म्हटलं.
कुठे सांडले ते सांगावं तर मागे रांग,
आणि अंगठ्याचं काळंनिळं नख चपलेत ठणकत होतं.
म्हटलं, जरा जाडसर दळ.