चिकटपट्टी

जहाज जप्त करायला फार काही लागत नाही.
कोर्टाचा कागद, चिकटपट्टीचं रीळ
आणि सुकाणूघराची काच पुसायला एक फडकं,
कारण खारट काचेवर काही टिकत नाही.
एकवीस वर्षं माल्टाच्या गोदीत
मी हेच करत आलोय.

त्या मंगळवारी तेरेझ श्वेरेब सोबत होत्या.
धक्क्यावरून वाकून त्यांनी
राखाडी नाळेवर हात ठेवला,
म्हणाल्या, ‘इथे खरवडा.’
मी किल्लीनं खरवडलं.
राखाडीखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा,
आणि निळ्यातून एक डोळा
आमच्याकडे बघायला लागला.

डोळा त्यांच्या भावानं काढलेला, वेंझूनं,
जहाजाचं नाव हनीना होतं तेव्हा.
आता नुसता आकडा : चारशे सतरा.
दक्षिणेकडच्या पाण्यात चार वर्षांपूर्वी
‘आमच्या हद्दीत आलात’ म्हणून नेलेलं.
माणसं सातव्या महिन्यात सुटली.
वेंझू परतला, पण खिडक्या लावून जेवायचा.
गेल्या ईस्टरच्या आधी तोही गेला.

कोर्टापुढे प्रश्न एवढाच :
जहाज धंद्याच्या कामाला, की राज्याच्या?
धंद्याच्या असेल तर खटला उभा राहतो.
राज्याच्या असेल तर खाली बसतो.

तळात काय होतं?
सिमेंट.
‘बराकींसाठी,’ त्यांचे वकील म्हणाले.
कांदे?
‘जवानांच्या जेवणाचे.’
बावीस वॉशिंग मशीन?
वकील पाणी प्यायले.
‘गणवेश,’ म्हणाले, ‘धुवावे लागतात.’
न्यायाधीशबाई हसल्या नाहीत.
मी हसलो, मागच्या बाकावर,
आणि तेरेझबाईंनी वळून पाहिलं.

निकाल चौतीस पानांचा.
जहाज कुणी कुणाचं नेलं, त्यावर एक ओळ नाही.
एक सार्वभौम दुसऱ्या सार्वभौमाला
पिंजऱ्यात उभं करत नाही, एवढं मात्र
तीन वेगवेगळ्या प्रकारे लिहिलंय.

राजानं मारलं नि पावसानं झोडपलं तर
दाद कुणाकडे मागायची, म्हणतात.
आमच्या बेटावर पाऊस
तसा फारसा पडत नाही.

कागद काढायलाही मीच गेलो.
खाली, नाळेपाशी, एक पोरगा
डबा न् ब्रश घेऊन आधीच बसला होता.
तेरेझबाई आल्या नव्हत्या.
त्यांची पावती तेवढी माझ्या फाइलीत होती :
जप्तीच्या एकोणीस दिवसांचं धक्क्याचं भाडं,
अर्जदारानं भरायचं असतं तसं,
भरलेलं. आपल्याच जहाजाचं.

पट्टी सोलताना अर्धी फाटली.
काचेवर डिंकाचा चौकोन उरला.
कप्तान तरुण होता, सभ्य.
नखानं खरडत म्हणाला, हे निघत नाही.

गरम पाणी आणि थोडं व्हिनेगर,
मी सांगून टाकलं.
सवयीनं.
सांगायला नको होतं.